वाऱ्याच्या नावावर पाण्याचं काम

‘वाळवंटातले खडक’ या माझ्या लेखावर आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरं देते आहे. लेखात मुद्दा एकच होता : वाळवंटातल्या खडकांचे चित्रविचित्र आकार आपण सरसकट वाऱ्याच्या नावावर मांडतो, आणि बहुतेक वेळा हा हिशेब चुकतो. त्यावर पटल्याची पत्रं आली, हरकतीची आली, आणि एका पाकिटातून तर दगडच आला. त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

नव्या वाचकांसाठी थोडी ओळख. मी भूशास्त्राची प्राध्यापक नाही. प्रयोगशाळेत एकतीस वर्षं दगडांचे काप करत होते. हिऱ्याच्या पात्याच्या करवतीने दगडाची चकती कापायची, ती काचपट्टीवर चिकटवायची आणि कार्बोरंडमच्या भुकटीवर घासत घासत ०.०३ मिलिमीटर जाडीवर आणायची. एवढ्या पातळ कापातून बहुतेक दगड आरपार दिसतात. दगडाकडे बघायला मी त्या टेबलावर शिकले. वाळवंटात पाय पडला तो निवृत्तीनंतर.

प्रश्न : इजिप्तचं पांढरं वाळवंट पाहून आलो. भूछत्रासारख्या खडकांचे पुष्कळ फोटो काढले. जमिनीलगत उडणारी वाळू बुंधा खात जाते आणि वरची टोपी तशीच राहते, असं वाटाड्याने सांगितलं. शाळेच्या पुस्तकातही हेच होतं. पण घरी फोटो पाहताना लक्षात आलं की काही खडकांची मान माझ्या डोक्याच्याही वर आहे. वाळू एवढ्या उंच उडते का?
– एक हौशी छायाचित्रकार

उत्तर : तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. पुस्तकातली आकृती आणि डोळ्यांनी पाहिलेली वस्तू जुळत नाही, हे तुम्हाला जाणवलं आणि तुम्ही ते सोडून दिलं नाहीत, याचा मला फार आनंद झाला.

उडत्या वाळूचा सगळ्यात नीट अभ्यास राल्फ बॅगनोल्ड यांनी केला. ते ब्रिटिश सैन्यातले अभियंते. १९२० आणि ३०च्या दशकांत फोर्ड मोटारी घेऊन ते इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात हिंडले, मग इंग्लंडला परतून त्यांनी वाऱ्याचा बोगदा बांधला आणि त्यात वाळू उडवून मोजमापं घेतली. १९४१ मध्ये त्यांचं हे काम प्रसिद्ध झालं. त्यातून कळलं ते असं : वाळूचा कण पक्ष्यासारखा तरंगत नाही, तो टप्पे खात जातो. उसळतो, पुढे पडतो, पडताना दुसऱ्या कणांना उडवतो. बहुतेक कणांचा टप्पा घोट्याच्या किंवा फार तर गुडघ्याच्या उंचीचा असतो. जमीन कठीण, गोट्यांची असेल तर तो आणखी वर जातो, पण माणसाच्या उंचीच्या पलीकडे जाणारी वाळू अगदी थोडी. त्याहून वर जाते ती धूळ. धूळ आभाळ झाकते, पण खडक कापण्याइतकं वजन तिच्या अंगात नसतं.

तेव्हा डोक्याच्या वर असलेली मान आज उडणाऱ्या वाळूने कोरली असं म्हणता येत नाही. मग कोणी कोरली? तिथला खडक म्हणजे समुद्राच्या तळाशी साचलेला खडूसारखा मऊ चुनखडक. तो थराथरांचा आहे आणि सगळे थर सारखे घट्ट नाहीत. मऊ थर आधी झिजून आत जातो, वरचा घट्ट थर टोपीसारखा राहतो. मान उंचावर असेल तर मऊ थर त्या उंचीवर आहे, इतकं साधं कारण असू शकतं. दुसरं कारण मला जास्त विचार करायला लावतं. खडकाभोवतीची जमीनही खाली जात असते. आज डोक्याच्या वर दिसणारी मान कधीकाळी जमिनीला टेकलेली असेल. आणि जमिनीला टेकलेल्या भागात ओल असते. दव मुरतं, जमिनीतला ओलावा वर चढतो, त्याबरोबर क्षार येतात, आणि खडक तळापासून भुसभुशीत होतो. वारा त्यानंतर येतो आणि सुटलेली पूड उचलून नेतो. साफसफाई त्याची, तोडफोड बहुतांशी पाण्याची.

ओळखायचं कसं? माझी एक खूण आहे. वारा दिशा मागे ठेवतो. एखाद्या प्रदेशात जोराचा वारा बहुधा ठरावीक बाजूनेच येतो, म्हणून त्याने कापलेला दगड चारी बाजूंनी सारखा झिजत नाही. त्याच्या अंगावर एकाच दिशेच्या बारीक खाचा असतात, स्पर्श वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा लागतो, आणि दोन सपाट बाजू मिळतात तिथे धार येते. अशी तीन धारांची गोटी मी प्रयोगशाळेत हाताळली आहे. जर्मन अभ्यासक तिला ‘ड्रायकांटर’, म्हणजे तीनधारी, म्हणतात. तुमच्या खडकांची मान सगळीकडून गोल आहे. बोटाने चोळल्यावर पीठ सुटत होतं का, ते आठवून पाहा.

निव्वळ वाऱ्याची करामत पाहायची तर यारदांग पाहावेत. स्वेन हेडिन या स्वीडिश प्रवाशाने मध्य आशियातल्या लोप नोर परिसरात ते पाहिले आणि १९०३ मध्ये तिथल्या लोकांचाच शब्द जगाला दिला. तुर्की भाषांत ‘यार’ म्हणजे उभा काठ. तळ्यात साचलेला मऊ गाळ वारा लांबच लांब तासत जातो आणि मध्ये उलट्या ठेवलेल्या होड्यांसारखे उंचवटे उरतात, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. इराणच्या लूत वाळवंटात असे उंचवटे दीडशे मीटरपर्यंत चढतात. तिथे वारा कुठून येतो ते विचारावं लागत नाही, जमीनच दाखवते.

प्रश्न : मी नववीला भूगोल शिकवते. दिवसा तापून आणि रात्री गार होऊन खडक फुटतात, असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलो. ‘नुसत्या उन्हाने खडक फुटत नाही’ असं तुम्ही लेखात ठामपणे लिहिलंत. आता वर्गात काय सांगू?
– भूगोल शिक्षिका

उत्तर : बाई, माझं ते वाक्य गरजेपेक्षा जास्त ठाम होतं. ते आज दुरुस्त करते.

मी लिहिलं ते एका जुन्या प्रयोगाच्या आधारावर. १९३६ मध्ये डेव्हिड ग्रिग्ज या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने ग्रॅनाइटचा घासून गुळगुळीत केलेला तुकडा घेतला आणि तो तापवायचा, गार करायचा, असं ८९,४०० वेळा केलं. तापमानातला फरक सुमारे ११० अंश सेल्सिअसचा, म्हणजे खऱ्या वाळवंटातल्यापेक्षा बराच मोठा. एक फेरी म्हणजे एक दिवस धरला तर ही २४४ वर्षं होतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तुकडा जसाच्या तसा. मग त्यांनी एकच बदल केला : गार करताना पाण्याचा फवारा मारला. आता अडीच वर्षांच्या हिशेबाइतक्या फेऱ्यांतच दगडाचा गुळगुळीतपणा गेला आणि भेगा दिसू लागल्या. थेंबभर पाण्याने एवढा फरक पडतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं होतं.

पण त्या प्रयोगातला तुकडा मुठीएवढा आणि चारी बाजूंनी मोकळा होता. त्याला फुगायला जागा होती. मोठ्या धोंड्याचं तसं नसतं. त्याची उन्हातली बाजू फुगते, आतला भाग गारच राहतो, आणि दोघांत ओढाताण होते. शिवाय ग्रॅनाइटमध्ये गारगोटीचा कण शेजारच्या फेल्डस्पार या खनिजापेक्षा जास्त फुगतो, त्यामुळे कणाकणाच्या सीमेवर ताण येतो. अमेरिकेच्या नैऋत्य वाळवंटांत गोट्यांवरच्या भेगा मोजल्या, तेव्हा पुष्कळ भेगा उत्तर-दक्षिण निघाल्या. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना दगडाची आधी एक बाजू तापवतो, मग दुसरी. या भेगांच्या दिशेला त्याच्याखेरीज दुसरं कारण शोधणं अवघड आहे.

वर्गात असं सांगता येईल : ऊन खडकाला ताण देऊन बारीक भेग पाडू शकतं, पण ती भेग रुंदावून तुकडा पाडायला बहुधा पाणी लागतं. आणि वाळवंटात पाणी असतं. निरभ्र रात्री दगड हवेपेक्षा गार होतो आणि त्यावर दव धरतं. आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटाच्या किनाऱ्यावर समुद्राचं धुकं आत शिरतं. बाटली भरण्याइतकं ते नसतं, पण भेगेला पुरतं.

प्रश्न : आजी, अमेरिकेत दगड आपोआप चालतात आणि मागे रेघ सोडतात असं मी वाचलं. माझा दादा म्हणतो हे खोटं आहे. खरं काय?
– इयत्ता सहावी

उत्तर : बाळा, दगड सरकतात हे खरं आहे. ‘आपोआप’ हा शब्द मात्र काढून टाकू, म्हणजे दादालाही पटेल.

कॅलिफोर्नियात डेथ व्हॅली नावाचा फार कोरडा प्रदेश आहे. तिथे रेसट्रॅक प्लाया हे एका आटलेल्या तळ्याचं सपाट पात्र आहे, वाळलेल्या चिखलाचं. त्यावर दगड पडलेले असतात आणि प्रत्येकाच्या मागे लांब चर उमटलेला असतो. काही दगड माणसापेक्षा जड आहेत. फार वर्षं कोणालाच दगड सरकताना दिसला नव्हता. कोणी वादळाचं कारण सांगत होतं, कोणी काही.

मग रिचर्ड नॉरिस आणि जेम्स नॉरिस या चुलतभावांनी, आपल्या सोबत्यांना घेऊन, काही दगडांत जीपीएसची यंत्रं बसवून ते तिथे ठेवले आणि वाट पाहिली. २०१३च्या डिसेंबरात ते तिथे गेले तर तळ्यात वीतभरही खोल नसलेलं पाणी साचलं होतं. रात्री त्यावर बर्फाची पातळ कांच धरली, तीन ते सहा मिलिमीटर जाडीची. सकाळी ऊन लागल्यावर ती तडकली आणि तिचे मोठेमोठे पत्रे सुटले. हलका वारा त्यांना ढकलू लागला, आणि पत्र्यांनी वाटेतल्या दगडांना ढकललं. खाली मऊ चिखल, त्यामुळे दगड घसरत गेले. वेग मिनिटाला दोन ते पाच मीटर, म्हणजे तुझ्या चालण्यापेक्षा कितीतरी हळू. लांबून पाहणाऱ्याला ते कळतही नाही. त्या हिवाळ्यात एक दगड थोडा थोडा करत २२४ मीटर सरकला.

म्हणजे जगातल्या अतिशय कोरड्या जागी दगड सरकायला पाणी, बर्फ, ऊन आणि वारा, चौघंही लागले. दादाला हे वाचून दाखव.

प्रश्न : ताई, मी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. मुलाने वाळवंटातल्या कड्याचा फोटो दाखवला. कड्याला मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं. मला ते जुन्या भिंतीला क्षार फुटतो तसं वाटलं. तो म्हणतो, वाऱ्याने पडली असतील.
– एक गवंडी

उत्तर : दादा, तुम्ही बरोबर आहात, आणि तुमच्या मुलाला मी हे मुद्दाम सांगते आहे.

या भोकांना भूशास्त्रात ‘ताफोनी’ म्हणतात. त्यांचं मुख्य कारण क्षारच. खडकाच्या बारीक छिद्रांत खारं पाणी शिरतं, पाणी उडून जातं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि वाढताना आजूबाजूच्या कणांना ढकलतात. काही क्षार त्याहून वाईट. सोडियम सल्फेट कोरडं असताना थोडी जागा घेतं, पण पाणी शोषलं की त्याला तिपटीहून अधिक जागा लागते. हे रोज घडत राहिलं तर कण न् कण सुटतो.

मला हे हाताने कळलं आहे. दगड घासताना आम्ही पाणी वापरायचो. एकदा वाळवंटातला एक वालुकाश्म आला. दिसायला चांगला घट्ट. पाण्यावर घासायला घेतला आणि माझ्या बोटांखाली त्याची वाळू झाली. कणांमधलं मीठ विरघळलं आणि दगड सुटला. त्या दगडाला धरून ठेवणारंही मीठच होतं आणि आतून ढकलणारंही. पुढे तसले दगड मी रॉकेलवर घासत असे.

तुम्ही आणखी एक गोष्ट पाहिली असेल. क्षार फुटलेल्या भिंतीवर घट्ट सिमेंटचा गिलावा चढवला की तो पोपडे होऊन सुटतो, कारण ओल आत अडकते आणि क्षार त्याच्या मागे जमतो. कड्यालाही असाच प्रकार होतो. बाहेरचा पृष्ठभाग उन्हावाऱ्याने कडक होतो. एकदा कुठे खळगा पडला की त्याच्या आत सावली असते, ओल जास्त वेळ टिकते, क्षार तिथेच साचतो. म्हणून खळगा आतून मोठा होत जातो आणि तोंड मात्र लहान राहतं. वाऱ्याने कोरला असता तर तोंड मोठं आणि आत निमुळता झाला असता.

प्रश्न : वाळवंट म्हणजे सगळी वाळूच ना?

उत्तर : नाही. सहारातही वाळूने झाकलेला भाग जेमतेम पाव आहे. बाकी उघडा खडक आहे, ज्याला अरबीत हमादा म्हणतात, आणि गोट्यांची मैदानं आहेत, त्यांना रेग म्हणतात. वाळूच्या समुद्राला तिकडे ‘अर्ग’ असा वेगळा शब्दच आहे. आपल्या शब्दात वाळू आधीच येऊन बसल्यामुळे हा गोंधळ होतो. त्यातही अभंगांतलं वाळवंट हे नदीकाठचं, पाण्याने आणून टाकलेल्या वाळूचं. तो अर्थ मला फार आवडतो.

प्रश्न : अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात दगडी कमानी पाहिल्या. इतकी बारीक कमान उभी कशी राहते? आणि नैसर्गिक पूल आणि कमान यांत फरक काय?
– निवृत्त स्थापत्य अभियंता

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, ते सोपं आहे. वाहत्या प्रवाहाने खडक पोखरून आरपार वाट काढली तर तो पूल. प्रवाह नसताना खडक झिजून भोक पडलं तर ती कमान.

आर्चेसमध्ये दोन हजारांहून जास्त कमानी नोंदलेल्या आहेत, आणि त्या सगळ्यांच्या मुळाशी मीठ आहे. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र पुन्हा पुन्हा आटला आणि मिठाचा जाड थर साचला. त्यावर पुढे हजारो फूट खडक आला. दाबाखाली मीठ दगडासारखं वागत नाही, मळलेल्या पिठासारखं सरकतं. ते सरकलं, कुठे फुगलं, आणि वरचा वालुकाश्म वाकून त्याला समांतर भेगा पडल्या. भेगांत पाणी शिरून त्या रुंदावल्या आणि मध्ये पातळ उभ्या भिंती उरल्या. पावसाचं पाणी किंचित आम्ल असतं. ते वाळूच्या कणांमधला कॅल्साइटचा, म्हणजे चुन्याच्या खनिजाचा, सांधा विरघळवतं. भिंतीच्या पायाशी, जिथे मऊ थर असतो, तिथे ओल टिकते. हिवाळ्यात ती गोठते, फुगते, पापुद्रे पाडते. मग एक दिवस भिंतीतून पलीकडचं आकाश दिसतं.

आता उभी राहण्याचं. तुम्ही अभियंते आहात, तेव्हा दगड दाब सोसतो, ताण नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण यात एक सुंदर भर २०१४ मध्ये पडली. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या यिर्झी ब्रुथान्स आणि सहकाऱ्यांनी एक असा वालुकाश्म घेतला ज्याच्या कणांत चिकटवणारं जवळजवळ काहीच नव्हतं. कण एकमेकांत अडकून बसले होते, इतकंच. त्याचे ठोकळे करून वर वजन ठेवलं आणि ते पाण्यात बुडवले. कडेचे कण सुटून गळून पडले. जसजसा ठोकळा बारीक झाला तसतसं उरलेल्या भागावरचं वजन एकवटलं, कण एकमेकांत आणखी घट्ट रुतले आणि एका क्षणी झीज थांबली. खाली उरले खांब आणि कमानी. म्हणजे कमानीचा आकार खडकात आधीपासून असतो. भार ज्या वाटेने जमिनीत उतरतो ती वाट घट्ट होते, आणि ज्या भागावर भार नाही तो पाणी घेऊन जातं.

ती कायमची मात्र नसते. लँडस्केप आर्च ही सुमारे ८८ मीटर रुंद कमान. १ सप्टेंबर १९९१ रोजी तिच्या खालच्या बाजूचा अठरा मीटर लांबीचा चिरा सुटून पडला. खाली थांबलेल्या लोकांना आधी कडकड ऐकू आली आणि ते पळाले, म्हणून वाचले. आता तिच्याखाली जाऊ देत नाहीत. २००८च्या ऑगस्टमध्ये वॉल आर्च रात्रीतून पूर्ण कोसळली. तुम्ही पाहिलीत ती कमान तुम्ही पाहिलीत तशीच पुढच्या माणसाला दिसेल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

प्रश्न : सोबत अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातून उचललेला दगड पाठवत आहे. वरून काळा, चकचकीत. उल्का आहे का? कापून पाहिलात तरी चालेल.

उत्तर : उल्का नाही. दगड मी कापला नाही. तुमच्या पत्त्यावर परत पाठवला आहे.

ही काळी चकाकी म्हणजे वाळवंटी झिलई. हवेतली चिकणमातीची धूळ दगडावर बसते. दवाच्या किंवा चुकार पावसाच्या ओलीने तिच्याबरोबर मँगनीज आणि लोखंडाची ऑक्साइडं चिकटतात. काळा रंग मँगनीजचा. तो दगडातून येत नाही, बाहेरून येतो. अशी झिलई मी कापांत पाहिली आहे : दगडाच्या कडेला केसाहूनही बारीक काळी रेघ, आणि घासताना हात जरा जड पडला की उडून जाणारी. तेवढी साचायला हजारो वर्षं लागतात. जुन्या लोकांनी अशाच काळ्या खडकांवर टोचून चित्रं काढली, म्हणून खालचा फिका दगड उघडा पडून ती आजही दिसतात. आणि म्हणूनच त्यांवर आज कोणी नाव कोरलं तर ते आपल्या कितीतरी पिढ्यांच्या हयातीत बुजत नाही.

तुमचा दगड उलटा करून पाहा. खालची बाजू नारिंगी आहे. म्हणजे तो फार काळ एकाच कुशीवर पडून होता. बहुधा फरसबंदीसारख्या गोट्यांच्या मैदानात असेल. तिथले गोटे नुसते पडलेले नसतात. वाऱ्याने आणलेली धूळ त्यांच्या फटींतून खाली उतरते, पावसाने मुरते, आणि गोटे वरच्या वर उचलले जातात. गोट्यांखाली हातभर बारीक माती आणि वर एकेरी थर, असं ते बसलेलं असतं. त्यावरून एकदा गाडी गेली तरी चाकोरी दशकानुदशकं राहते. तिकडच्या राष्ट्रीय उद्यानांतून दगड उचलायला बंदी आहे, पण बंदी नसती तरी मी हेच म्हटलं असतं : पुन्हा जाणं झालं तर तो होता तिथे, काळी बाजू वर करून ठेवून या. मला दगड नको, त्याचा जागेवरचा फोटो पाठवा. शेजारी एक पेन ठेवा, म्हणजे आकार कळेल.

प्रश्न : अमेरिकेतल्या झायन राष्ट्रीय उद्यानातल्या कड्यांवर तिरक्या रेषांचे पट्टेच पट्टे आहेत. एक पट्टा या बाजूला कललेला, वरचा दुसऱ्या बाजूला. हेही पाण्याचंच काम म्हणाल का?
– एक गिर्यारोहक

उत्तर : नाही. हे वाऱ्याचं आहे, आणि यात मला जराही शंका नाही.

तो नवाहो वालुकाश्म. सुमारे एकोणीस कोटी वर्षांपूर्वी तिथे वाळूचा अफाट समुद्र होता, आणि तुम्ही ज्या कड्यावर चढलात तो त्यातल्या वाळूच्या टेकड्यांचा साचून घट्ट झालेला ढीग आहे. वाळूची टेकडी वाऱ्याच्या बाजूला सौम्य चढाची असते. वाळू त्या चढावरून माथ्यावर येते आणि पलीकडे घसरते. पलीकडचा उतार तेहतीस-चौतीस अंशांचा, कारण सुटी वाळू त्याहून उभी राहत नाही. प्रत्येक घसरण म्हणजे एक पातळ थर, आणि तीच तुमची तिरकी रेष. टेकडी पुढे सरकते, तिच्या मागून दुसरी येते, पहिलीचा माथा कापून टाकते आणि वर आपले थर रचते. वारा बदलला की कल बदलतो.

पुढच्या वेळी एक पट्टा निवडा. रेषा वरच्या टोकाला एकदम छाटलेल्या दिसतील आणि खाली येता येता आडव्या होऊन तळाला मिळतील. ज्या बाजूला रेषा उतरतात तिकडे तोंड करून उभे राहा. कडा नेमका त्या उतारासमोर कापलेला असेल तर तुमच्या पाठीला लागायचा तो वारा, डायनासोरांच्या काळातला.

खाली पडलेली चिमूटभर वाळू घेऊन दहापट भिंगाखाली धरा. कण गोलसर आणि घासलेल्या काचेसारखे निस्तेज दिसतील. कोट्यवधी टप्पे खाताना एकमेकांवर आपटून ते तसे झाले. नदीच्या वाळूचे कण त्यामानाने कोपऱ्याकोपऱ्यांचे आणि चमकदार असतात. हा फरक पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, पण एकदा दिसला की विसरता येत नाही.

मात्र सुटी वाळू असा कडा उभा करू शकत नाही. तिला धरायला काहीतरी हवं. अशा तांबड्या वालुकाश्माचा काप मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला तेव्हा दोन कणांमधल्या जागेत पारदर्शक कॅल्साइट भरलेलं दिसलं, आणि प्रत्येक कणाला तांबूस कड होती, नेलपॉलिश लावल्यासारखी बारीक. ते लोखंडाचं ऑक्साइड. टेकड्या गाडल्या गेल्यावर त्यांच्या पोटातून लाखो वर्षं जे पाणी झिरपत राहिलं, त्याने हे दोन्ही आणून बसवलं.